रमाबाईंची दुसरी साक्ष

साक्ष हा शब्द आपल्या ख्रिस्ती मराठीत एका ठरावीक अर्थाने रुळला आहे. प्रभूने आपल्या जीवनात काय केले हे मंडळीपुढे उभे राहून सांगणे, म्हणजे साक्ष देणे. पंडिता रमाबाईंनी अशी साक्ष दिली. १९०७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि आजही ती आपल्याकडे आवडीने वाचली जाते. परंतु साक्ष या शब्दाचा मूळचा अर्थ न्यायसभेतला आहे. जे पाहिले ते, विचारणाऱ्यांसमोर, उलटतपासणीची तयारी ठेवून सांगणे, हा तो अर्थ. नव्या करारातील ग्रीक शब्दालाही हीच न्यायसभेची पार्श्वभूमी आहे, ही गोष्ट भाषांतराच्या कामात पदोपदी जाणवते. रमाबाईंनी ही दुसऱ्या प्रकारची साक्षही आयुष्यभर दिली. पंडितांपुढे, सरकारी आयोगापुढे, स्वतःच्या ख्रिस्ती गुरूंपुढे आणि अखेर मुंबई सरकारपुढे त्यांनी लोकांच्या हिताची गोष्ट उघडपणे मांडली, आणि प्रत्येक वेळी तिची किंमत मोजली. आपल्या मंडळ्यांना त्यांची पहिली साक्ष ठाऊक आहे. या लेखात दुसरीचा मागोवा घ्यावयाचा आहे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. हे स्थान आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे नाणावलेले विद्वान आणि आचाराने अत्यंत कर्मठ. पण एका बाबतीत त्यांनी रूढी मोडली होती. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी स्वतः संस्कृत शिकविले. त्यावरून गहजब झाला आणि उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी तेथे क्षमा मागितली नाही, की गुपचूप शिकवीत राहण्याची युक्तीही योजली नाही. स्त्रियांना शिकविण्यास शास्त्राचा आधार कोठे कोठे आहे, याची वचने गोळा करून त्यांनी ती सभेपुढे ठेवली. ही घटना रमाबाईंच्या जन्मापूर्वीची. पण घरात ती जिवंत होती. पुढे लक्ष्मीबाईंनीच आपल्या धाकट्या मुलीला संस्कृत शिकविले. मतभेद असेल तर तो सभेत न्यावा आणि आधार दाखवून बोलावे, ही शिकवण रमाबाईंना पाश्चात्त्यांकडून किंवा मिशनऱ्यांकडून मिळाली असे पुष्कळजण समजतात. ती त्यांना माहेरातून मिळाली होती.

शास्त्रीबुवांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. दुष्काळात १८७४ साली आईवडील गेले, त्यांच्या मागोमाग थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, उपाशीतापाशी देशभर हिंडली. बाईंच्या स्वतःच्या हिशेबाने ही पायपीट सुमारे ४००० मैलांची होती. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक अविवाहित ब्राह्मण मुलगी अस्खलित संस्कृतात भाषण करते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

या गौरवापाठोपाठ जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. स्त्रियांच्या धर्मशास्त्रोक्त कर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत, अशी त्यांना विनंती झाली. त्या तयारीसाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचावयास घेतले, आणि वाचता वाचता त्यांच्या मनात शंका उभी राहिली. अन्य विषयांत एकमेकांशी भांडणारे ग्रंथकार स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाकारताना मात्र एकमुखी होतात, हे त्यांच्या ध्यानात आले. भाऊ १८८० साली वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा आंतरजातीय, आंतरप्रांतीय विवाह दोन्हीकडच्या समाजांना रुचला नाही. सिलचर येथील त्यांचा संसार दोन वर्षेही टिकला नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत मेधावी पटकीने वारले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. रानडे, भांडारकर प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. स्त्रियांनी एकत्र जमून आपल्या स्थितीचा विचार करावा यासाठी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग तेव्हा देशभर साक्षी घेत होता. पुण्यात त्याच्यापुढे बोलण्यास रमाबाई उभ्या राहिल्या. वय चोवीस, विधवा, पदरी तान्हे मूल, हाती कसलाही सरकारी अधिकार नाही. त्या मराठीत बोलल्या. स्त्रीशिक्षिका तयार कराव्यात, त्यांना आधी मायबोलीचे उत्तम ज्ञान द्यावे आणि मग इंग्रजीचे; त्यांचा पगार पुरुष शिक्षकांपेक्षा जास्त असावा; मुलींच्या शाळा तपासण्यास स्त्रियाच नेमाव्यात; आणि या देशातील स्त्रियांना वैद्यकी शिकवून डॉक्टर करावे, कारण पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे उघड करण्यास संकोच वाटल्याने हजारो स्त्रिया अकाली मरतात. इतक्यावर त्या थांबल्या नाहीत. शिकलेल्या पुरुषांपैकी बहुतेक सारे स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध आहेत आणि स्त्रीचा राईएवढा दोष पर्वताएवढा करतात, हेही त्यांनी सांगितले. पुण्यातील शिक्षित पुरुषांच्या पाठिंब्यावरच त्या तेथे उभ्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या वाक्याचे वजन कळते. हंटरसाहेबांवर या साक्षीचा एवढा परिणाम झाला की त्यांनी तिचे इंग्रजी भाषांतर करवून ते स्वतंत्र छापविले.

येथे गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायातील सलाफहादाच्या पाच मुलींची आठवण येते. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचे वतन बुडावे काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो त्यांनी मोशेच्या तंबूत जाऊन हळूच विचारला नाही. दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यापुढे उभ्या राहून तो मांडला. मोशेजवळ तयार उत्तर नव्हते. त्याने ते गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेले, आणि त्या मुलींचे म्हणणे यथार्थ ठरून सर्व इस्राएलासाठी नियम झाला. पाचजणींचे घरगुती दुःख सगळ्यांसमोर आले, म्हणून ते सगळ्यांच्या हिताचे झाले. आपल्या उपासनांत हा उतारा फारसा वाचला जात नाही, याचे वाईट वाटते.

वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो मार्ग पुढे बंद झाला. वाँटेज येथील सेंट मेरी मठातील भगिनींकडे त्या राहिल्या. ख्रिस्ती धर्माचा विचार मनात चालू होता. पण भावनेच्या लाटेत त्यांनी निर्णय घेतला नाही. नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांनी त्यांच्यासाठी आपला युक्तिवाद लिहून भारतातून पाठविला, तो वाचून त्यांच्या शंका फिटल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका चित्पावन पंडिताने दुसऱ्या चित्पावन पंडितेला लेखी वादाने ख्रिस्ताकडे आणले, असा हा प्रकार आहे. पुण्यात संतापाची लाट उसळली. त्या गदारोळात जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत रमाबाईंची बाजू घेतली.

यानंतरचा भाग आपण ख्रिस्ती लोक सहसा सांगत नाही. बाप्तिस्म्यानंतर पंडिताबाई आता निमूट शिष्या होतील, अशी मठातील भगिनींची अपेक्षा होती. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांनी तर ती मनापासून बाळगली होती. पण बाईंचे प्रश्न संपले नव्हते. त्रैक्याच्या सिद्धांताची जी मांडणी मंडळी करते तिला शास्त्रात आधार कोठे आहे? अथनेशियसच्या मतांगीकारातील शापवचने मी का म्हणावीत? ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांत इतके पंथ का, आणि त्यांपैकी एकाच्याच हाती सत्य आहे हे कोणी ठरविले? चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, असा मुद्दा निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी त्याला हरकत घेतली. भारतात गेल्यावर त्यांचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. बाईंना याचे नवल वाटले आणि त्यांनी ते लिहून कळविले. ज्या देशाची भीती दाखविली जात होती त्याच देशात त्या वर्षानुवर्षे पुरुषांच्या सभांतून बोलल्या होत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली पाहून, भारतीय ख्रिस्ती माणसाला न कळणाऱ्या भाषेऐवजी संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर दुसऱ्याचे चढवून घेण्याची आपली तयारी नाही, हा त्यांच्या पत्रांतील मुख्य सूर आहे.

सिस्टर जेराल्डीन यांना हे सारे गर्विष्ठपणाचे वाटले. त्यांच्यावर प्रीतीचा अभाव असल्याचा आरोप करता येणार नाही. पण प्रश्न विचारणे म्हणजे विश्वास डळमळणे, असे समीकरण त्यांनी धरले होते. चेल्टनहॅमच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी निराळी वाट धरली. त्यांनी रमाबाईंच्या शंकांना शंका म्हणूनच घेतले आणि पानेच्या पाने उत्तरे लिहिली. बिरुया येथील लोकांनी पौलाचे बोलणे शास्त्राशी ताडून पाहिले, म्हणून लूकाने त्यांना थोर मनाचे म्हटले आहे. बील यांना तो धडा आठवत असावा. आपल्याकडे आजही मंडळीच्या हिशेबाविषयी किंवा एखाद्या ठरावाविषयी सभेत प्रश्न विचारणाऱ्यास फुटीर ठरविले जाते, आणि तोच विषय मग बाहेरच्या ओट्यावर कुजबुजीत सडतो. जेराल्डीनबाईंची परंपरा आपल्यात बीलबाईंच्या परंपरेपेक्षा अधिक टिकली, असे म्हणणे भाग आहे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे राहून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. १८८७ साली निघालेल्या त्या पुस्तकाने आणि गावोगावच्या व्याख्यानांनी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. त्या १८८९ च्याच डिसेंबरात मुंबईच्या राष्ट्रसभेला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या, त्यांत रमाबाई होत्या.

शारदा सदनात धर्माचे बंधन नव्हते. ब्राह्मण मुलींना आपले सोवळे पाळण्याची मोकळीक होती, ग्रंथालयात सर्व धर्मांचे ग्रंथ होते. मात्र बाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आपली प्रार्थना दार लावून करीत नव्हत्या. काही मुली आपण होऊन प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. येथून वादळ उठले. ‘केसरी’ने सदनावर धर्मांतराचा आरोप ठेवून टीकेची झोड उठविली. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणावयाचे होते, हे मान्य केले पाहिजे. ज्या मुलींना दुसरा आसराच नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर आश्रयदात्रीचा धर्म सतत असला तर त्यांची निवड खरोखर कितपत मोकळी राहते, हा टीकाकारांचा प्रश्न क्षुद्र नव्हता. ख्रिस्ती वाचकाने तो आपल्या संस्थांच्या बाबतीत आजही स्वतःला विचारावा असा आहे. पण बाईंनीही काही लपविले नव्हते. प्रार्थना बंद करा किंवा खोलीचे दार लावा, एवढे ऐकले असते तर सल्लागार राहिले असते, पैसा राहिला असता, पुण्यातील मानही राहिला असता. त्यांनी दार उघडेच ठेवले. आणि या भांडणातून समाजाच्या पदरी काय पडले, तेही पाहावे. विधवांच्या शिक्षणाचा प्रश्न सुधारकांच्या दिवाणखान्यातून घरोघरी गेला. सदनातल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंचा पुनर्विवाह १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये, हिंदू समाजाला ज्याविषयी धर्मांतराची धास्ती वाटणार नाही असा, विधवांचा आश्रम काढला. पुढे हिंगण्यास त्याचा केवढा विस्तार झाला हे महाराष्ट्र जाणतो. रमाबाई आणि त्यांचे टीकाकार यांपैकी एका जरी पक्षाने तोंड मिटले असते, तरी हे इतक्या लवकर घडले नसते असे मला वाटते.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेग पसरला. रँड यांच्या हाती बंदोबस्त आला. गोरे सोजीर घरात शिरून झडत्या घेऊ लागले. रोगी आणि संशयित यांना इस्पितळांत व विलगीकरणाच्या छावण्यांत नेले जाऊ लागले. मध्य प्रांतातील दुष्काळातून सोडविलेल्या मुलींची जबाबदारी त्याच सुमारास रमाबाईंवर आली होती. त्यांच्याकडील एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेले आणि मग तिचा पत्ता लागेना. स्त्रियांची तेथे काय दशा होते, त्यांच्या अब्रूचे रक्षण करण्यास कोणी नसते, हे बाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून स्पष्टपणे मांडले. पत्राचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटात उमटले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप फेटाळून लावला.

या पत्रासाठी किती धैर्य लागले असेल? हिंदू समाजाने त्यांना चार वर्षांपूर्वीच टाकले होते. उरला होता तो आधार गोऱ्या ख्रिस्ती वर्तुळाचा आणि सरकारच्या सद्भावनेचा, आणि पत्र त्याच सरकारविरुद्ध होते. गोखले त्या वर्षी विलायतेत होते. पुण्यातील मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनीही सोजिरांच्या अत्याचारांविषयी जाहीर आरोप केले, परंतु पुरावा उभा करता न आल्याने परत येताच त्यांना माफी मागावी लागली. ‘केसरी’ही त्याच महिन्यांत त्याच बंदोबस्तावर तुटून पडला होता. काल सदनावरून एकमेकांशी भांडलेले टिळक आणि रमाबाई आज एकाच जुलमाविरुद्ध, आपापल्या जागेवरून, बोलत होते. सरकारने ऐकून घेण्याऐवजी बोलणाऱ्यांचीच लाज काढली. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची सजा झाली. त्यानंतर प्लेगच्या छावण्यांतील स्त्रियांविषयी शांतपणे बोलण्यास जागाच उरली नाही.

रमाबाईंचा मुक्काम आता पुण्याहून केडगावच्या माळावर हलला. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १८९९-१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील मुलीस्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. छापखाना, शेती, विणकाम, तेलघाणा, आंधळ्यांसाठी शिक्षण, सारे बायका चालवीत होत्या. १९०५ चे संजीवन आपल्या वाचकांस परिचित आहे. परंतु या वर्षांत बाई पुण्याच्या सभांतून दिसल्या नाहीत, वृत्तपत्रांच्या वादांत उतरल्या नाहीत. कामाचा डोंगर होता हे खरे. त्यांना बोलावणारेही कोणी उरले नव्हते हेही खरे. आपल्या काळच्या सर्वांत निर्भीड वक्तीला महाराष्ट्राने एका रेल्वे स्टेशनापलीकडे ठेवून विसरून टाकले, यात केडगावचा लाभ झाला आणि सार्वजनिक चर्चेचा तोटा.

शेवटची सतरा-अठरा वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राच्या भाषांतरास दिली. त्यासाठी उतारवयात त्या इब्री व ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर खेड्यातील बायकांना कळत नाही, त्यातले अनेक धार्मिक शब्द वेगळीच कल्पना मनात उभी करतात, हे त्यांचे दुखणे होते. संस्कृतच्या पंडितेनेच संस्कृतप्रचुर शब्द गाळून साधी मराठी निवडावी, हे विशेष. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनी केली. मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. भाषांतराचे काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. या भाषांतराबद्दल आदर राखूनच एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. एका हाती झालेल्या कामाचा एकजिनसीपणा त्याला आहे आणि एका हाती झालेल्या कामाचे तोटेही आहेत. भाषांतर समितीत एकेका शब्दावर पाचसहा माणसे दिवसभर भांडतात. कंटाळा येतो, पण मंडळीच्या तोंडी न बसणारा शब्द त्यात गळून पडतो. आयुष्यभर चर्चेच्या बळावर जगलेल्या बाईंना या कामात बरोबरीने भांडणारे कोणी मिळाले नाही. त्यांचे भाषांतर मंडळ्यांच्या सर्वसाधारण वाचनात आले नाही, याचे एक कारण हे असावे.

वाँटेजच्या पत्रव्यवहाराचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. सिस्टर जेराल्डीन यांनी तो जाळला नाही. रमाबाईंची पत्रे, स्वतःची उत्तरे, बील आणि बिशप यांची मते, हे सारे, स्वतःला अडचणीत आणणाऱ्या मजकुरासह, त्यांनी उतरवून आणि लावून ठेवले. ते हस्तलिखित महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याचे संपादक अ. भि. शहा हे इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक होते.